मांजलपूरचा व्हिडिओ-अहवाल: कबड्डीतल्या कोपरारक्षकासाठी घ्यावा का?

पैशांचं आणि पत्त्याचं आधी सांगते, कारण बडोद्यात, दांडिया बाजारात जो भेटतो तो तेच विचारतो. मांजलपूरला एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एक तरुण खेळाडूंचे व्हिडिओ बघून अहवाल बनवायचं काम करतो. आपण तीन सामन्यांचे व्हिडिओ द्यायचे. तो ते थांबवत थांबवत बघतो, आपल्या खेळाडूच्या प्रत्येक हालचालीची नोंद करतो आणि आठ-दहा दिवसांत पंधराएक पानांचा अहवाल आणि कापलेल्या क्लिपांची लिंक पाठवतो. फुटबॉल, खोखो, कबड्डी, तिन्ही करतो. कबड्डीचे साडेतीन हजार, अर्धे आधी, अर्धे अहवाल हाती पडल्यावर. भाषा हिंदी, मधूनच गुजराती. पार्किंग नाही.

मी हा अहवाल घेतला भाच्यासाठी. पोरगा सतरा वर्षांचा, डावा कोपरा, म्हणजे बचावात डावीकडे अगदी कडेला उभा राहणारा. गेल्या वर्षापर्यंत सबज्युनियरला होता, म्हणजे ५५ किलोंच्या आतला गट आणि ११ बाय ८ मीटरचं मैदान. यंदा ज्युनियर, मैदान १३ बाय १०. आणि नेमकं यंदाच त्याच्या सरांनी काढलंय की ह्याला कोपऱ्यातून उचलून डाव्या कव्हरला, म्हणजे आत, मधल्या बाजूला आणू. पोराचं तोंड उतरलं. बहीण म्हणाली, तू एवढी विद्यापीठाकडून खेळलीस, तूच सांग काय ते. मी सांगितलं असतं, पण मी खेळले मातीवर, अनवाणी. मॅटवर बूट घालून खेळणाऱ्या पोराला मावशीचं म्हणणं पटत नाही. छापील कागद पटतो.

पहिला अनुभव चांगला. आम्ही नेलेल्या तीनपैकी एक व्हिडिओ त्याने तिथल्या तिथे परत केला. “बेन, आ विडियो नहि चाले.” तो व्हिडिओ भाच्याच्या मित्राने बाजूच्या बाकावरून काढलेला. आरडाओरडा छान आलाय, रेडर, म्हणजे चढाई करणारा, छान दिसतो, पण डावा कोपरा कधी पंचाच्या मागे, कधी फ्रेमच्याच बाहेर. पैसे घेऊन तसाच अहवाल बनवणारे पुष्कळ असतील. ह्याने दुसरा सामना आणायला सांगितला आणि कॅमेरा कुठे ठेवायचा तेही कागदावर आखून दिलं: आपल्या बचावाच्या अंतिम रेषेमागे, जमेल तितक्या उंचीवर, झूम न करता. आम्ही समा इनडोअर स्टेडियमच्या गॅलरीतून मोबाइल कठड्याला बांधून पुढचा सामना घेतला. हा एक सल्ला सगळ्या आईबापांनी फुकटात घेऊन टाकावा.

ह्याचं कारण मैदानाच्या मापातच आहे. मध्यरेषेपासून निदानरेषा, म्हणजे रेडरने निदान ओलांडायची रेषा, ३.७५ मीटरवर, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा, आणि बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत उरतात जेमतेम पावणेदोन मीटर. कोपरारक्षकाचं सगळं भांडवल एवढंच. रेडर खोल आला की ह्याच पट्ट्यात त्याचा पुढचा पाय पडतो, आणि कोपऱ्याने दम धरला की घाई केली ते त्या पायावरून ठरतं. बाजूने काढलेल्या व्हिडिओत पाय रेषेच्या अलीकडे होता की पलीकडे, हे कळतच नाही. टीव्हीवरही कळत नाही फारसं. म्हणूनच टीव्ही बघून कबड्डी शिकलेल्या पोरांना रेडरच आवडतात.

आता अहवाल. पोराच्या चांगल्या गुणांची बाजू अव्वल लिहिली आहे, हे मोकळ्या मनाने सांगते. भाच्याची घोट्याची पकड चांगली आहे हे आम्हाला माहीत होतं. का चांगली आहे हे त्याने दाखवलं. बोनस, म्हणजे जादा गुण, मिळायचा तर रेडरचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत असावा लागतो, आणि समोर निदान सहा खेळाडू हवेत. म्हणजे त्या क्षणी रेडरचा सगळा भार एका पायावर. भाचा बरोबर तोच पाय धरतो. उचललेल्या पायामागे धावत नाही, हाताच्या हुलीकडे बघत नाही. पाच क्लिपा एकापाठोपाठ लावल्यात आणि प्रत्येकीत पकड सुरू होण्याआधीच्या क्षणाला चित्र थांबवलंय: पोराची नजर रेडरच्या गुडघ्याखाली. डोकं बाहेरच्या बाजूला, दोन्ही हातांची मनगटं एकात एक, आणि ओढ मागे, अंतिम रेषेकडे. हे बघून मला खरोखर भरून आलं. मातीत आम्ही बोटांनी घोटा दाबून धरायचो. मॅटवर बुटावरून हात सटकतो, म्हणून ही मनगटाची कुलपं. हे त्याला कोणी शिकवलं ते सर कबूल करत नाहीत, यूट्यूब कबूल करेल.

दुसरा गुण: मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले की तो शांत होतो. अशा वेळी केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात, सुपर टॅकल, आणि बहुतेक पोरं त्या दोन गुणांच्या लोभाने उडी मारतात. हा मागे सरकतो, रेडरला तीस सेकंदांतले वीस खर्चू देतो. अहवालात ह्याला ‘दबाव में संयम’ असं नाव दिलंय. नाव काही का असेना, निरीक्षण सोळा आणे खरं.

दोषांची पानंही सरसकट नाहीत. एक, सामन्याच्या सुरुवातीला, सात जण मैदानात असताना, हाच संयमी पोरगा रेडर निदानरेषा ओलांडतो न ओलांडतो तोच झेप घेतो. ह्याचं मूळ मला माहीत आहे. त्याच्या मोबाइलमध्ये मोहम्मदरेझा शादलूईच्या क्लिपा भरल्या आहेत. शादलूई डावा कोपरा, इराणचा, २०२३ च्या प्रो कबड्डी लिलावात पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो पुढे घुसून पकडी करतो आणि त्या त्याला साधतात, कारण त्याची ताकद आणि हातांचा पल्ला तसा आहे. आमच्या पोराने ताकद सोडून धाडस तेवढं उचललंय. इराणच्याच जुन्या कोपऱ्याच्या, फझल अत्राचलीच्या क्लिपा बघ म्हटलं तर म्हणतो, मावशी, तो म्हातारा झाला. डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून रेडरला आपल्या टप्प्यात येऊ देणं म्हणजे काय, हे फझलकडून शिकण्यासारखं दुसरं कोणाकडून नाही.

दोन, लॉबी, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांचे पट्टे. रेडरला स्पर्श होऊन झटापट सुरू झाल्याशिवाय लॉबीत पाय टाकला की बचावपटू बाद. भाच्याने असा गुण फुकट घालवलाय, आणि रेडरला हातही न लावता. अहवालात ह्यापुढे ‘लापरवाही’ लिहिलंय. इथे माझं पटलं नाही. निष्काळजी नाही तो. वर्षभरापूर्वी आठ मीटर रुंदीच्या मैदानावर उभा राहणारा पोरगा आता दहा मीटरवर उभा आहे. पावलांची जुनी मोजणी चुकते, साखळीतला जोडीदार लांब वाटतो, आणि रेडर कडेने निसटू लागला की अंदाज हुकतो. गटबदलाचा हा पहिला हंगाम आहे हे आम्ही फॉर्मवर लिहून दिलं होतं. अहवालात त्याचा उल्लेख कुठेही नाही. वय, गट, वजन हे रकाने फक्त पहिल्या पानावर छापण्यापुरते भरून घेतात असं दिसतं.

तीन, जड रेडर. घोटा धरल्यावर भाचा गुडघ्यांवर येतो आणि तिथेच अडकतो. शेजारचा मदतीला आला तर ठीक, नाही आला तर मोठ्या अंगाचा गडी त्याला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेतो. क्लिप बघताना घरात सगळे हसले, पोरगा सोडून. वजन वाढवा, कंबर आणि मांड्या मजबूत करा, हा सल्ला योग्य.

आणि मग येतं शेवटचं पान: ‘बेस्ट रोल’. ठळक अक्षरांत: डावा कव्हर. पर्याय म्हणून: ऑलराउंडर.

ह्या पानावर माझे दीड हजार वाया गेले असं मी त्याला फोनवर सांगितलं. आधीच्याच पानावर म्हणता पोरगा जड रेडरपुढे टिकत नाही. मग त्याला कव्हरला कसं पाठवता? कव्हरचं काम ब्लॉकचं आणि डॅशचं. निघालेल्या रेडरच्या छातीसमोर उभं राहायचं, नाहीतर खांद्याने त्याला बाहेर लोटायचं. तिथे वजन कोपऱ्यापेक्षाही जास्त लागतं. त्याचं म्हणणं, आकडे तसं सांगतात: डॅशमध्ये यशाची टक्केवारी घोट्याच्या पकडीपेक्षा जास्त. अरे बाबा, तीन सामन्यांत डॅश केलेत चार. त्यातले दोन, रेडर आधीच तोल जाऊन लॉबीकडे निघालेला. एवढ्यावर टक्केवारी काढायची आणि ती रंगीत गोलात छापायची?

पण माझी खरी तक्रार टक्केवारीची नाही. अहवाल फक्त घडलेलं मोजतो. पकड केली, जमली, फसली. कोपरारक्षकाची किंमत निम्मी न घडलेल्या गोष्टींत असते. रेडर त्याच्या बाजूला गेलाच नाही, बोनसला पाय टाकायचा विचार केला आणि परत घेतला, दोन पावलं डावीकडे सरकून पुन्हा उजवीकडे वळला. ह्यातलं काहीही गुणफलकावर येत नाही. आणि रेडर जो वळतो तो कुठे जातो? मधे. मग मधले कव्हर पकड करतात आणि टाळ्या त्यांना.

गुजरातच्या लोकांना हे समजावायला लांब जायला नको. २०१७ मध्ये आपला संघ प्रो कबड्डीत पहिल्यांदा उतरला तेव्हा दोन्ही कोपरे इराणी होते, डावीकडे फझल, उजवीकडे अबोझर मिघानी. मधे सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल, दोघेही तेव्हा नवखे. त्या जोडीचं नाव झालं आणि व्हायलाच हवं होतं. पण दोन्ही बाजूंना दार बंद दिसल्यावर रेडर नाइलाजाने मधे शिरायचे, हे माझ्या डोळ्यांसमोर आहे. पहिल्याच हंगामात संघ अंतिम फेरीत गेला. तिथे पाटण्याच्या परदीप नरवालने पार धुतलं, ५५-३८, ते सोडा. परदीपपुढे त्या वर्षी कोणाचंच काही चाललं नाही.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. तरुण ऐकून घेतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. मधे मधे “हा बेन, हा बेन” करत होता तेव्हा वाटलं आता ठेवतो फोन. पण चार दिवसांनी त्याने एक पान जादा पाठवलं, पैसे न मागता. तिन्ही सामन्यांतल्या विरुद्ध संघाच्या चढाया त्याने पुन्हा बघितल्या आणि प्रत्येक चढाईचा कल कुठे होता त्याची नोंद केली: डावा कोपरा, मध्य, उजवा कोपरा. शिवाय पूर्वार्ध वेगळा, उत्तरार्ध वेगळा. समा इनडोअरच्या सामन्यात भाच्याने सुरुवातीलाच दोन पकडी केल्या आणि त्यानंतर त्या संघाचा मुख्य रेडर डावीकडे जवळपास फिरकलाच नाही. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी, करो या मरोची चढाईसुद्धा त्याने उजवीकडेच केली. मूळ अहवालात ह्याच सामन्याच्या उत्तरार्धापुढे ‘निष्क्रिय’ असा शेरा होता. नव्या पानावर तो शेरा त्याने स्वतःहून काढला. दुसऱ्या एका सामन्यात मात्र असं काही दिसत नाही, रेडर बिनधास्त डावीकडून बोनस नेत राहिला, आणि तेही त्याने तसंच दाखवलंय. हे एक पान माझ्या मते बाकी सगळ्या अहवालाइतकं मोलाचं.

तेव्हा माझ्या हिशेबाने पोराची जागा डावा कोपराच. खेळाडू कमी उरले की त्याला आत, कव्हरकडे सरकवायला हरकत नाही. तिथे त्याचा शांतपणा कामी येतो. ऑलराउंडर वगैरे विसरावं. चढाईत त्याला श्वास पुरत नाही आणि परत वळताना तो पाठ दाखवतो. सुरुवातीच्या दहा मिनिटांत झेप घ्यायची नाही एवढं बंधन घातलं आणि हंगामभर अंगावर मांस चढवलं, तर पुढे सिनियरला ८५ किलोंपर्यंतच्या गड्यांसमोर उभं राहताना निदान फरफट होणार नाही. बहीण लगेच डिंकाच्या लाडवांच्या तयारीला लागली. लाडवांनी कंबर वाढते, मजबूत होत नाही, हे तिला अहवालात छापून आणावं लागेल.

सरांना दोन्ही कागद दाखवले. त्यांनी ते चष्मा कपाळावर चढवून वाचले, म्हणजे वाचले नाहीत. क्लिपा मात्र तिथेच व्यायामशाळेच्या पायरीवर बसून सगळ्या बघितल्या, घोट्याची ती पाचवी तर दोनदा. मग म्हणाले, “ताई, पोराला मी कव्हरला नेतोय तो त्याच्यासाठी नाही. माझ्याकडे कव्हरच नाही.” हे उत्तर कुठल्याही अहवालात सापडलं नसतं. निदान आता वाद कशाबद्दल आहे ते स्पष्ट झालं. सध्या तह असा: सरावात कव्हर, सामन्यात कोपरा, आणि सर दुसरा मुलगा शोधतायत. पायरीवर बसलेल्या एका आजोबांनी नेहमीप्रमाणे १९२३ सालची आठवण काढली, हिंद विजय जिमखान्याने हुतुतूची, म्हणजे कबड्डीचीच, अखिल भारतीय स्पर्धा ह्याच बडोद्यात भरवली होती ती, जणू ते स्वतः तिथे पंच होते. बडोद्यात कबड्डीवर बोलणं निघालं की हे एक येतंच.

बाकीच्या गोष्टी पटापट. अहवालात ‘नेतृत्व ७/१०’ असा एक रकाना आहे. सतरा वर्षांच्या पोराचं नेतृत्व व्हिडिओत कसं मोजलं हे विचारल्यावर हसला. रेडरसाठीची दोन पानं रिकामी तशीच जोडलेली, कारण साचा सगळ्यांना एकच. क्लिपांची लिंक महिनाभरात बंद होते, हे आधी सांगत नाहीत. लगेच उतरवून ठेवा. छपाई सुरेख, कागद उगाच जाड. वेळेला पक्का. ऑनलाइन पैसे दिले तर पावती लगेच.

रेडर आणि कव्हरसाठी आहे तसा अहवाल चालेल, तिथे घडतं ते दिसतं. पंधराच्या आतल्या मुलांसाठी घेऊ नका. त्या वयात शरीरच दर सहा महिन्यांनी बदलतं आणि साडेतीन हजारांत चांगले बूट आणि गुडघ्याचे पॅड येतात. कोपऱ्यासाठी घेणार असाल तर आगाऊ रक्कम देण्याआधी दोन गोष्टी कबूल करून घ्या: चढायांच्या दिशेचं पान हवं, आणि खेळाडूचा गट नुकताच बदलला असेल तर त्याचा विचार अहवालात लेखी हवा. दिशेच्या पानाचे तो आता पाचशे जादा घेतो असं ऐकलं. द्यावेत. उन्हाळी शिबिरांच्या दिवसांत त्याच्याकडे रांग असते आणि कामही घाईचं होतं, त्यापेक्षा दिवाळीनंतर गेलेलं बरं.